बॉनेटमधली तंबाखूची पुरचुंडी

रविवार, १६ नोव्हेंबर, निपाणी

तीन महिने वही उघडली नाही, चूक माझीच. परवा दोन वर्षांच्या बदलीवर कलबुर्गीला जायचं आहे. आज गाडी विटांवर चढवली, बॅटरी काढली. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून बॉनेटमध्ये तंबाखूच्या चुऱ्याची पुरचुंडी ठेवली.

थोरला अण्णा हसला. "विकून टाक गं. आल्यावर उंदरांकडनं मागून घेणार व्हय?"

"उंदीर तंबाखू खात न्हाईत, अण्णा. माझ्या पगाराची गाडी हाय, ऱ्हाऊ दे."

"बरं, चावी तेवढी ठेवून जा."

ठेवली. माझ्या माघारी तो विकेल, असं मनात येणं वाईट का? असेल. पण माझी स्कूटर त्यानं अशीच विकली होती. पुरचुंडी उंदरांना अडवेल, अण्णाला नाही.

उद्या: गाडीचं आरसी बुक माझ्या बॅगेत ठेवणे.