नखभर वर बसवलेलं दार

वेल्स क्रीक, ओहायो
८ मार्च २०१०

प्रिय एमिल,

तुला आणि मारिसेलाला अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे बाबांचे गुडघे आणि माझी कंबर सोडली तर. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. ईस्टरला मारिसेलाला घेऊन येऊ का, बाबांना विचारून कळव, असं तू लिहिलंस. कळवते. पण आधी बाकीचं ऐक. फोन केला असता, पण तो बाबांच्या खुर्चीला चिकटलेला असतो, आणि तू दर वाक्याला "मग ते काय म्हणाले?" करतोस. कागदावर तरी तुला गप्प बसावं लागेल.

आपला गाड्यांचा कारखाना पाडायला घेतलाय. रंगखात्याची चिमणी आधी गेली. मी इतकी वर्षं तिच्याखाली काढली, म्हणून बघायला गेले होते. वाटलं होतं रडू येईल, पण धुळीने शिंकाच आल्या. आपली शाळा आता पलीकडच्या गावच्या शाळेत विलीन झाली, ज्यांना आपण फुटबॉलमध्ये शिव्या घालायचो त्यांच्याच. कोचिशची बेकरी बंद पडली. त्यामुळे यंदा ईस्टरचा गोड पाव, पास्का, मलाच भाजावा लागणार. हसू नकोस.

मी अजून त्या वृद्धाश्रमातच आहे. पगार पूर्वीच्या निम्मा, आणि जायला-यायला रोजचा पाऊण-पाऊण तास. आपला जुना फोरमन गॅलो तिथेच असतो. मी त्याला सूप भरवते आणि तो मला अजून "रंग ओघळलाय, रंग ओघळलाय" म्हणून ओरडतो. एकदा मी म्हटलं, "गॅलोसाहेब, आता रंग नाही, तुमचं सूप ओघळतंय." तर पोटभर हसला बिचारा.

आता मुद्द्याजवळ येते.

माझी जुनी गाडी नाताळात मेली. नवी घ्यावी लागली. परवडेल अशी एकच होती, आपल्याच कंपनीची. शिक्का तोच, नाव तेच. पण ती तुमच्या तिकडून, मेक्सिकोतून आलेली. तुझ्याच कारखान्यातली, एमिल.

बाबांची सवय तुला सांगायला नको. रविवारची प्रार्थना, मास, संपली की लोक कॉफीकडे वळतात आणि आपले बाबा चर्चच्या पार्किंगमध्ये ओणवे होऊन एकेका गाडीच्या पुढच्या काचेतून आतली कारखान्याची नंबरपट्टी वाचतात. पहिला आकडा एक, म्हणजे आपल्या हातची. दोन, कॅनडाची, तेवढी चालते. तीन, म्हणजे मेक्सिकोची, दिसली की दाराशी थुंकतात. अंगणात तीनची गाडी आली तर मी घरात राहणार नाही, हे वाक्य तू गेलास तेव्हापासून मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. म्हणून मी काय केलं, तर चर्चच्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाचं पत्रक आणलं आणि काचेखाली नेमकं त्या आकड्यांवर ठेवलं. बाबा गाडीत बसले, सीट थोपटली आणि म्हणाले, "बघ, अजून जमतंय आपल्या पोरांना." मी मान डोलावली. दोन महिने डोलावत होते.

खोटं कशाला बोलू, तुझा राग मलाही होता. कंपनीने गाड्यांची दारं बसवायची लाईन उचलून तिकडे नेली, आणि तिकडच्यांना शिकवायला चला म्हटल्यावर तू गेलास. दुसऱ्या दिवशी कुणीतरी आपल्या गॅरेजवर "गद्दार" रंगवून गेलं. बाबांनी ते स्वतः खरवडलं, वर दोन हात पांढरा रंग दिला, आणि त्या दिवसापासून तुझं नाव घेतलं नाही. तुझं पत्र आलं की "तिकडचं काहीतरी आलंय" म्हणून टेबलावर ठेवतात. मला वाटायचं, तू नाही म्हणाला असतास तर लाईन गेलीच नसती. आता कळतं, ती गेलीच असती, फक्त दुसऱ्या कुणीतरी शिकवलं असतं. पण हे कळायला मला गॅलोला सूप भरवावं लागलं.

तर परवाचा शुक्रवार. चर्चच्या तळघरात आम्ही बायका पिरोगी, त्या बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, वळत होतो. बाबा बटाटे सोलायच्या नावाखाली गप्पा ठोकत होते. परत निघालो तर पार्किंगमध्ये बर्नी टोथ माझ्या गाडीला नाक लावून उभा. तोच रे, पत्रे दाबायच्या प्रेसखात्यातला. आता तो रिकाम्या युनियन हॉलची राखण करतो, फुकट. "परदेशी गाडी लावाल तर ओढून नेऊ" ही पाटी दर उन्हाळ्यात नव्याने रंगवतो. तिथे गाडी लावणारं कुणी उरलं नाही, हे त्याला कोण सांगणार? माझं ते मेलं पत्रक घसरून खाली पडलं होतं.

"लिडे, तीन आहे गं, तीन!" तो एवढ्या मोठ्यांदा ओरडला की फादरसुद्धा बाहेर आले. मग बाबांकडे वळला, "अँड्र्यू, अरे तुझ्या अंगणातच मेक्सिको आला की!"

एमिल, पिरोगीचं पातेलं हातात, आणि सगळ्या बायका जिन्यात उभ्या. वाटलं, आता हा म्हातारा इथून चालत घरी जाणार आणि माझंही नाव टाकणार. मग या वयात मी कुठे जाऊ?

बाबा म्हणाले, "ओरडू नकोस बर्नी, मला माहीत आहे."

"कधीपासून?" हे मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. दाराच्या कडेला पण तोच नंबर चिकटवलेला असतो. तिथे कुठलं पत्रक लावलं होतंस?"

मी रंगखात्यातली. दाराची कड कोण बघतं? दारवालेच बघतात. ज्याने जन्मभर दारंच बसवली त्याच्यापासून मी काचेतला आकडा लपवत होते. आहे की नाही अक्कल?

बर्नी काहीतरी पुटपुटला, विकलेली माणसं वगैरे. बाबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांनी गाडीचं दार उघडलं, दोन बोटांनी लोटून लावलं, कान दिला. मग फटीवरून वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवला, आणि बर्नीला म्हणाले, "नखभर वर बसवलंय. पुस्तकात सरळ बसवा म्हणतात. पण दार वापराने खाली येतं, म्हणून मी नखभर वर बसवायचो. मी हे एकालाच शिकवलंय." एवढं बोलून ते गाडीत बसले. मला म्हणाले, "चल, पिरोगी गार होतायत."

घरी काही बोलले नाहीत. शनिवारी नाही, रविवारी मासलाही नाही. मीही विचारलं नाही, कारण नाही ऐकायची माझी तयारी नव्हती, आणि तुला ते लिहायची त्याहून नव्हती. काल जेवताना मी धीर केला. म्हटलं, "बाबा, एमिल विचारतोय, ईस्टरला बायकोला घेऊन येऊ का?"

सूप संपवलं. वाडगा पावाने पुसला. मग म्हणाले, "तुझ्या गाडीचं मागचं डावं दार घासतंय."

"बाबा, मी काय विचारतेय?"

"मी काय सांगतोय? दार घासतंय. ज्याने तिकडे शिकवलंय त्याला म्हणावं, येऊन नीट बसवून दे. आणि ती पोरगी, ती पण दारांवरच काम करते ना? तिलाही आण म्हणावं. एकट्याने दार उचलत नाहीत, एवढं तरी मी शिकवलं होतं एमिलला."

नाव घेतलं रे. सुपाच्या वाडग्यात बघून, पण घेतलं. मी भांडी घासायला उठले आणि नळ सोडून मनसोक्त रडले.

तर हे उत्तर. तिकिटं आत्ताच काढ, ईस्टर चार एप्रिलला आहे. हॉलच्या दिशेला फिरकू नकोस, बर्नी बर्नीच आहे. मारिसेलाला सांग, बाबा पहिले दोन दिवस बोलणार नाहीत, ते सगळ्यांशीच तसे वागतात. हत्यारं आणू नकोस. बाबांनी आज सकाळी त्यांचा रबरी हातोडा तळघरातून काढून, पुसून टेबलावर ठेवलाय.

आणि एक. मागच्या डाव्या दाराने मी रोज डबा आणि कोट ठेवते. आज सकाळी मुद्दाम दहादा उघडून लावून पाहिलं. ते कुठेच घासत नाही.

वाट बघते आहे, आम्ही दोघंही बघतो आहोत,

तुझी ताई,
लिडा