खाडीच्या पुलाखाली सोमलिंग

१२ फेब्रुवारी १९७४

महिना झाला, लिहायचं टाळतोय. वही उघडली की हात थांबतो. मग चहा, मग पिच्चर, मग कुणाची तरी सायकल मागून इथं सोलापुरातच सात रस्त्यापर्यंत चक्कर. आज लिहितोच.

कोकणातला तो खाडीवरचा जुना पूल. दोन्ही काठांनी दगडी बांध आत आलेला, मधे अकरा कमानी. गोऱ्या साहेबाच्या काळातला. एकेक दगड बैलाएवढा! आमचं काम फटीत चुना भरायचं. ओहोटीला कमानीखाली चिखल उघडा पडायचा. आम्ही सोलापूरची माणसं — पाणी गेलं म्हणजे ओढा आटला, एवढंच ठाऊक! माझा जोडीदार सोमलिंग तर तिथंच भाकरी सोडून बसायचा. नावाडी ओरडायचा, "भरती इली रे!" हा हसायचा. "ढग न्हाय, पाऊस न्हाय, पाणी कुटनं येतंय?"

त्या दिवशी मी चुना आणायला बांधावर गेलो. परत येतो तर कमानीत पाणी! सोमलिंगची टोपी तरंगत होती. तो नव्हता. मुकादम रामहरी म्हणाला, "पळाला असंल. हजेरीवर फुली मारा." शोधलंसुद्धा नाही. हलकट!

१५ फेब्रुवारी

रामहरी सात रस्त्यावर दिसला. पान चघळत! गचांडी धरली. "सोमलिंगला खाल्लास तू!"

"तू बघितलंस का बुडताना?"

एक ठेवून दिली. दात पडला त्याचा. बरं वाटलं. तरी आग जाईना.

१९ फेब्रुवारी

सोमलिंगच्या गावी, मैंदर्गीला जाऊन आलो. आधीच जायला हवं होतं. सोमलिंगची बायको महानंदा दारातच — "अण्णा, हे कवा येत्यात?" पटकन तोंडातून निघालं, बुडाला. त्याची आई सुंदरम्मा जवळ आली. "यप्पा, तू डोळ्यानं बघितलास का रे?"

व्हय म्हणालो. डोळ्यांपुढं रामहरी होता, पान चघळणारा. न्हाय म्हटलं असतं तर तोच खरा ठरला असता, म्हणून व्हय म्हणालो.

महानंदानं उंबऱ्यावर बांगड्या फोडल्या. मी उभाच. पाणीसुद्धा न पिता निघालो.

२० फेब्रुवारी

त्या पुलाला आग लागो. पण दगडाला कसली आग लागते!

३ मार्च

सोमलिंग आलाय! जिवंत! मोरीत पाय धुतोय, तेवढ्यात लिहितोय. म्हणतो, "मुकादमाचा जाच सोसंना, पवत गेलो पलीकडं. ट्रकवर किन्नर होतो की इतके दिवस, गाडी धुवायला-पुसायला. उद्या चल माझ्यासंगं मैंदर्गीला. एकट्यानं जायला भ्या वाटतंय — महानंदा लई चिडली असंल."