कुंपणाची चावी

आयेला सपनाचा नमस्कार. विनोद, तिला सावकाश वाचून दाखव. ती मध्ये बोलली तर बोलू दे.

मी बरी आहे. अल्मोड्याच्या या डोंगरावर थंडी फार, पण तुझी गोधडी पुरते. बाबांचा खोकला थांबला का? बेटेगावच्या खोलीत पाणी येतं का?

इथे आम्ही या रानातली मूळची झाडं पुन्हा लावतोय. दोन वर्षं रोपांना कुणाचा हात लागला नाही, तरच माझा अभ्यास खरा ठरेल. म्हणून चारी बाजूंनी तारेचं कुंपण आहे. माझी खोली आतच आहे. चावीही माझ्याकडेच असते, तरी चार महिन्यांत गावात गेले नाही.

काल गावच्या बायका फाटकाशी आल्या. म्हशींसाठी गवत हवं होतं. पूर्वी त्या इथूनच न्यायच्या. पण विळ्याखाली रोपंही जातात, म्हणून नाही म्हटलं. एका म्हातारीने जाताना माझं नाव विचारलं. मी सांगितलं नाही.

आये, आपल्याकडच्या जंगलात गार्डने तुझी लाकडांची मोळी उतरवून घेतली, त्या दिवशी घरी येऊन तू एवढंच म्हणाली होतीस, "तो माज्या तोंडाकडं बघतच नाय होता."

काल मीही कुलपाकडेच बघत होते.

तुझीच,
सपना