माझं खाणं माझ्याच अंगी

२ तारीख, सोमवार

आले एकदाची. ट्रंक, शिलाई मशीन, कात्र्यांची पेटी आणि मी, सगळं धड पोचलं. निघताना ताई म्हणत होती की एवढं आजारपण काढलंस, आता परक्या गावात एकटी कशाला मरायला जातेस. मी म्हटलं, मरायचंच असतं तर तुझ्याकडे राहिले असते, तुझ्या हातचं सूप त्याला पुरेसं आहे. ती हसली नाही. मी मात्र गाडीत बसल्यावर बराच वेळ हसत होते.

खोली वरच्या मजल्यावर आहे. खिडकी रस्त्याकडे उघडते, समोर बेकरीचं मागचं दार आहे आणि सकाळी पावाचा वास थेट उशीपर्यंत येतो म्हणे. मालकीणबाई खाली एकट्याच राहतात. वाळून काटकी झाल्यात आणि राखाडी लोकरी झगा अंगावर नुसता टांगलेला दिसतो. शिंपिणीची नजर आधी कपड्यावर जाते, त्याला माझा इलाज नाही. मनात म्हटलं, जोडी छान जमली, माझाही स्कर्ट सेफ्टी पिनच्या कृपेवर उभा आहे.

भाडं कमी आहे आणि अट एकच: जेवणखाण खालच्या टेबलाशी, त्यांच्यासमोर बसून करायचं. एकट्या बाईनं एकटीनं जेवू नये, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरीणबाईसुद्धा हेच म्हणाल्या होत्या, की सोबत असली की दोन घास जास्त जातात. त्यांनी आणखी एक बजावलंय. महिनाअखेरच्या तपासणीत वजन वाढलेलं दिसलं नाही तर पुन्हा भरती आणि पुन्हा नाकात नळी, आणि या खेपेला शरीर ती सोसेल असं त्या म्हणाल्या नाहीत. मी ठरवलंय, नळीबिळी काही नाही. पोटात जे जाईल ते तोंडानं जाईल आणि माझ्या हातानं जाईल.

४ तारीख, बुधवार

दुकान झकास आहे. फक्त दुरुस्तीची कामं: कंबर आत घ्या, बाही उतरवा, पोट सुटलंय तर शिवण सोडा. मास्तर मितभाषी आहेत, चूक दिसली की नुसतं खाकरतात. शेजारच्या स्टुलावर काजं करणारी बाई बसते. तिला सगळे काजवालीच म्हणतात. तिचं तोंड तिच्या सुईपेक्षा जोरात चालतं. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं की तू जेवतेस की नुसती जेवणाचा वास घेतेस. मला ती एकदम आवडली.

भूक म्हणाल तर नाहीच. तापानं जाताना तीही सोबत नेली. पण डॉक्टरीणबाईंनी युक्त्या शिकवल्यात आणि मी त्या परीक्षेसारख्या पाठ केल्यात. भुकेची वाट बघायची नाही, घड्याळ बघून खायचं. मोठं ताट बघून छाती दडपते, म्हणून छोटी बशी घ्यायची आणि ती दिवसातून सहादा भरायची. खाण्याआधी पाणी प्यायचं नाही, पोट उगाच फुगतं. दुधात दुधाचीच पावडर ढवळायची, सूपमध्ये लोणी सोडायचं, बटाटा कुस्करताना त्यात अंडं घालायचं. घास लहान, पण आत ऐवज पाहिजे. खिशात बदाम आणि खजूर आहेतच. प्रत्येक घास कागद चावल्यासारखा लागतो, तरी गिळते. जिभेला विचारतंय कोण.

मालकीणबाई समोर बसतात, हात मांडीवर ठेवून. त्या स्वतः काही घेत नाहीत. माझं झालंय, म्हणतात. शिजवते मी वर, खोलीतल्या स्टोव्हवर; त्यांच्या शेगडीवर फुलदाणी ठेवलेली आहे.

९ तारीख, सोमवार

स्कर्ट आणखी सैल झाला. पिनांचा कंटाळा आला म्हणून कमरेला दोन्ही बाजूंनी बोटभर आत घेऊन टीप मारली. आजारातून उठल्यावर आधी थोडं उतरतंच, मग चढतं, अशी स्वतःची समजूत घातली.

संध्याकाळी मालकीणबाई झगा घेऊन वर आल्या. तोच राखाडी. काखेत नि कमरेत काचतोय, थोडा सोडून देशील का, म्हणाल्या. मी थट्टेनं म्हटलं, माझ्याच्यानं होत नाही ते तुम्ही करून दाखवलंत की. त्या लाजल्या. गालांवर रंगही आलाय त्यांच्या. शिवणीच्या आत माया बरीच होती, म्हणजे जास्तीचं कापड. बोटभर सोडली आणि झगा बरोबर बसला. पैसे घेतले नाहीत.

१४ तारीख, शनिवार

औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभी राहिले. उतरलंय. थोडंथोडकं नाही, चांगलंच उतरलंय.

मला रडू आलं नाही, राग आला. एकही बशी मी चुकवलेली नाही. ओकारी येत असताना नाक दाबून अंडी गिळली आहेत. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की रिपोर्टमध्ये खोट नाही, म्हणजे खाणंच कमी पडतंय. मी म्हटलं, ठीक आहे, सहाच्या आठ बशा करते. पावाला शेंगदाण्याचं लोणी फासते, वर केळ्याच्या चकत्या, वर मध. बघू कोण थकतं ते.

आज जेवताना एक गोष्ट दिसली. मी चावत होते तेव्हा मालकीणबाईंचा जबडा हलत होता. मी थांबले, तो थांबला. मी गिळलं आणि त्यांच्या गळ्यातून काहीतरी खाली सरकलं. माझी बशी रिकामी झाल्यावर त्यांनी रुमालानं ओठ पुसले. कोरडे ओठ होते.

म्हाताऱ्या माणसांना असते एखादी सवय. असेल.

१६ तारीख, सोमवार

झगा परत आला. आणखी बोटभर. आज सकाळीच मी माझ्या स्कर्टची कंबर पुन्हा आत घेतली होती. तीही बोटभरच.

दुकानातून आल्यावर माझ्या खोलीतलं कपाट उघडलं. आधीच्या भाडेकरणीचे कपडे मागच्या खिळ्याला तसेच लटकत आहेत, त्यात मी आजवर हात घातला नव्हता. एक पँट काढून उलटी केली. कंबर आत घेतली आहे. त्याच्या आत पुन्हा घेतली आहे, पुन्हा, पुन्हा, टिपेला टीप लागून. शेवटची टीप हातशिलाईची आहे, टाके वेडेवाकडे. त्या कमरेत लहान मूलसुद्धा मावलं नसतं.

मग मालकीणबाईंचा झगा उलटा केला. मी सोडलेल्या शिवणीपलीकडे जुन्या टिपांची भोकं दिसतात, ओळीनं, आत नि बाहेर. हा झगा कितीदा तरी सैल झालाय आणि कितीदा तरी परत आवळलाय. कपडा खोटं बोलत नाही, माझा हा धंदा आहे.

खाली जाऊन विचारलं की आधीची बाई कुठे गेली. मालकीणबाई म्हणाल्या, बारीक होत गेली बिचारी, एक दिवस उठलीच नाही. खायची भरपूर, पण खाल्लेलं अंगी लागायचं नाही तिच्या. बोलताना त्यांची नजर माझ्या हातातल्या खजुरावर होती.

१८ तारीख, बुधवार

पळाले. मशीन तिथेच टाकलं, कात्र्या तेवढ्या घेतल्या. काजवालीनं काही न विचारता घरात घेतलं. सगळं सांगितलं तर म्हणाली, तुझं डोकं फिरलं असेल किंवा ती बाई चेटकीण असेल, दोन्हीला आधी उकडलेलं अंडं.

खाल्लं. समोर ती, तिची सासू आणि भिंतीवरचं घड्याळ. कुणाचा जबडा उगाच हलत नव्हता. आणि खाल्ल्यावर पोटात ऊब आली. खाल्ल्यानंतर काय वाटतं ते मी विसरूनच गेले होते. दुसरं अंडं मागून घेतलं.

२० तारीख, शुक्रवार

ती आली.

दुपारी जेवायला बसलो होतो. सासूबाईंनी दार उघडलं, म्हणाल्या की तुझ्या घरमालकीण आल्यात, किती काळजी करतात बघ, आणि खुर्ची दिली. ती बसली. हात मांडीवर. काही घेणार का विचारलं तर म्हणाली, माझं झालंय.

माझ्या पोटातली ऊब गेली. पण तेवढंच असतं तर मी सोसलं असतं. ती काजवालीच्या बशीकडे बघत होती. काजवालीनं दोन घास खाल्ले नि बशी सारली. आज इच्छाच नाही, म्हणाली. काजवाली, जी उभ्या आयुष्यात कधी बशी सारून उठली नाही.

मी उठले. म्हटलं, चला मालकीणबाई, घरी जाऊ.

२३ तारीख, सोमवार

दोन दिवस उपाशी राहून पाहिलं. म्हटलं, घे, काय घेतेस. झगा तिच्यावर जरा सैल झाला. पण माझ्याकडे उतरायला काही उरलंच नाही — जिना चढताना दोनदा बसावं लागलं. ती खाली वाट बघत बसते. तिला घाई नाही. उपाशी राहिले तर मी आधी संपणार. खाल्लं तर ती फुगणार, मी संपणार.

ताईला फोन लावला आणि ठेवून दिला. ती येईल. येऊन टेबलाशी बसेल.

मास्तर माझ्याकडे बघून खाकरले. काही चुकलं नव्हतं. नंतर त्यांनी स्वतःचा दुधाचा पेला माझ्यापुढे सरकवला.

संध्याकाळी तिनं झगा आणला. खा ना गं आता, म्हणाली, आणि हा सोडून दे. मी शिवण उघडली. माया संपली आहे. आत सोडायला कापडच नाही.

बराच वेळ ती शिवण बघत बसले. मग तिला म्हटलं, नवा शिवून देते.

२५ तारीख, बुधवार

मालगाडी झाकायचं जाड ताडपत्रीचं कापड आणलं. मेण लावलेला दोरा. प्रत्येक शिवणीला उलटी टीप, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. माया कुठेच ठेवली नाही. बटण नाही, चेन नाही — पाठीवर अंगावरच शिवायचा. बोटांतून रक्त आलं. असं काम मी आयुष्यात केलेलं नाही आणि मला त्याचा अभिमान आहे.

उरलेल्या पैशाचं सगळं खाणं आणलं. लोणी, अंडी, बदाम, खजूर, शेंगदाण्याचं लोणी, केळी, दुधाची पावडर.

तिला झगा आवडला. घट्ट आहे गं, म्हणाली. मी म्हटलं, नवा आहे, बसेल अंगाबरोबर. पाठ फिरवून उभी राहिली. मानेपर्यंत शिवून गाठ मारली. हात चांगला आहे तुझा, म्हणाली.

२६ तारीख, गुरुवार, सकाळ

टेबलाशी. ती समोर. दोन घासांमध्ये दम घ्यायचा असतो, म्हणून लिहितेय.

पहिली बशी. लोण्यातली अंडी. घशाशी येतंय — परत खाली ढकललं. तिचा जबडा हलतोय. खूश आहे.

तिसरी बशी. मनगट एवढं बारीक झालंय की चमचा मुठीत धरलाय. तिचा गळा झग्याच्या काठावर आलाय.

पाचवी —

ती रुमाल उचलायला गेली. हात वाकत नाही. बाह्यांतही माया नाही बाई.

थांब म्हणाली. जरा थांब गं. मी म्हटलं, तुम्हीच म्हणायचात ना, एकटीनं जेवू नये. बसा. सोबत करा.

दुधात पावडर, मध, केळं. प्यायले. तिचे डोळे —

तिला तोंड बंद ठेवता येत नाही. मी चावलं की तिला चावावंच लागतं. नको म्हणतेय आणि चावतेय. भूक तिची आहे, ती तिचंही ऐकत नाही.

शिवण धरून आहे. टाका हललेला नाही. मी शिवलंय ते.

बदाम. एकेक.

काहीतरी फाटलं. कापड नाही. कापडाच्या आत.

पुरे म्हणाली. पुरे, पुरे —

आणि पोटात गुरगुरलं. माझ्या. मला भूक लागलीय. खरी, माझी, किती महिन्यांनी. हा घास गोड लागला. खजूर गोड असतो, ताई, खजूर गोड —

ती खुर्चीसकट पुढे येतेय. टेबल सरकलं. बशी पडली, केळं पकडलं मी.

तिचा हात माझ्या तोंडावर. जड. दाबतेय, ओठ दाताला लागलेत — बोटांत फट आहे. बारीकशी. केळं मऊ आहे, डाव्या हातानं कुस्करून त्या फटीतून आत सरकव—