कप्तानाचे वंशज

दि. ४ फेब्रुवारी

चि. खारूताईस काकाचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, इथे वसाहत केलेल्या पहिल्या गोऱ्यांच्या नावाची पाटी बंदरावर बसते आहे, आणि कप्तानाचा वंशज म्हणून पडदा मी उघडणार आहे. माझे घारे डोळे सगळ्या गावाला ठाऊक आहेतच. तुझी काकू म्हणते, भाषण पाच मिनिटांत आटपा. तिला दर्यावर्दी रक्ताची कदर नाही. तू संग्रहालयात याच लोकांचा माग काढतेस, तेव्हा कप्तानाच्या पराक्रमाचे चार मुद्दे धाड. कोट शिवायला टाकलाय.

लोभ आहेच, मुद्दे तेवढे लवकर यावेत.

तुझा काका

दि. १५ फेब्रुवारी

ती. काकांस सा. न. वि. वि.

शिंप्याला थांबवता आलं तर बघा. कप्तान वर्षभरात परत गेला आणि त्याला मूलबाळही नव्हतं. आपला पूर्वज निघाला जहाजावरचा आचारी, एकोणीस वर्षांचा. येताना सबंध प्रवासभर ओकत होता म्हणे. जहाज परत निघालं तेव्हा गडी गोदामात लपून बसला. पुढे इथल्याच एका जाळी विणणारीशी लग्न केलं, खाणावळ घातली, अकरा मुलं झाली. आपल्या खापरपणजीची आजी त्यातलीच. तुम्ही बसमध्ये पिशवी घेऊन खिडकीशी का बसता, ते आता कळलं. राग माझ्यावर काढा, काकूवर नको. पण पाटीसमोर खोटं बोलू नका.

माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची खारूताई

दि. २ मार्च

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर दोन-तीन दिवस मी कुणाशी बोललो नाही. काकूच्या मते ते दिवस फार सुखाचे गेले.

समारंभाला कोट घालून गेलो. कप्तानाच्या भावाच्या घराण्यातले पाहुणे पुढच्याच रांगेत होते. तरी सांगून टाकलं की मी आचाऱ्याचा वंशज, आणि तोही लपून बसलेल्या आचाऱ्याचा. लोक पोट धरून हसले. मग बेकरीवाला उठला आणि म्हणाला की त्याच्या आईचे डोळेही घारे होते. मागोमाग घड्याळजी, मग आमच्याशी अबोला धरलेली शेजारीणसुद्धा. आता हा सगळा गोतावळा रोज चहाला असतो. काकूने मोठं पातेलं आणलंय.

एक काम कर. ते जहाज परतलं तेव्हा त्या पोराची आई धक्क्यावर आली असेल, आणि तो बुडाला असंच तिला कुणीतरी सांगितलं असेल. हे माझ्या मनातून जात नाही. तिच्या घरचं कुणी असेल तर पत्ता शोध. त्यांना कळवायचंय की तुमचा मुलगा सुखरूप आहे, पोटभर जेवतो, माणसांत आहे. आमच्याकडून कळवायला जरा उशीर झाला.

तुझा काका