पर्सच्या अस्तरातला कागद

१९ नोव्हेंबर, सकाळी दहा
वरचा मजला, खाट सात

वन्सं, नमस्कार.

वाकून केला असता, पण टाके ओढतात. माझा ताप उतरला. इथला चहा नुसतं गरम पाणी.

बाळ अजून धापा टाकतंय, दूध ओढत नाही. रक्ताचा रिपोर्ट उद्या येईल, तोवर अंदाजानं औषध चालू आहे.

काल मी सगळ्यांदेखत तुमच्यावर तोंडसुख घेतलं. दहा आजारी माणसांना हात लावून नर्सबाईंनी माझं बाळ उचललं, जंतू हिनंच आणले, असं बोलले. तुम्हाला बाळांच्या खोलीतल्या ड्यूटीवरून हलवलं, तेव्हा बरं वाटलं मला.

संशय कुणाचा नव्हता? आयाच्या बांगड्यांचा, पाळण्यातल्या चादरीचा, सासूबाईंच्या पदराचा. आणि तुमचा तर आधीपासूनच. "बघू गं, रक्त किती आहे," म्हणत तुम्ही माझी फाईल पानन्‌पान चाळायच्या. घरी जाऊन सगळं सांगत असणार, असंच वाटायचं मला.

म्हणून तर केलं ते.

नवव्या महिन्यात गल्लीतल्या दवाखान्यात तपासणी झाली, त्यात जंतू निघाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, धडधाकट बायकांतही असतात. फक्त कळा सुरू झाल्या की हा कागद आधी दाखवा. शिरेतून इंजेक्शन देतील, जन्मताना बाळाला लागण व्हायचा धोका पुष्कळ कमी होईल." मला ऐकू आलं एवढंच, की माझ्या अंगात घाण आहे. तुम्ही वाचाल म्हणून कागद पर्सच्या अस्तरात शिवून टाकला. शिंपीण ना मी! टाका कुठे दिसतोय का बघा.

कळा आल्यावर इथं विचारलं, "जंतूंची तपासणी झालीय?" तुम्ही उशाशी उभ्या होतात. मी नाही म्हणाले. काल बाळाच्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हाही नाही.

आज अस्तर उसवलं. ह्यांच्या हातात कागद दिला, ते खाली धावले. आत्ताच परत आले. कुठला जंतू, कुठलं औषध लागू पडेल, सगळं त्यात होतं. डॉक्टरांनी औषध बदललंय. बाळ तरेल का, ते मात्र कुणी सांगत नाही. हे माझ्याशी बोलत नाहीत.

मोठ्या सिस्टरना मी खरं सांगितलंय. तुम्ही परत त्याच्याजवळ जा. घरी काय सांगायचं ते खुशाल सांगा. पण आधी हात धुवून त्याच्याजवळ जा.

बघा, अजून हात धुवायला तुम्हालाच सांगतेय.

दोनदा 'नाही' म्हणालेली,
तुमच्या भाच्याची आई