डिकीत पाट आडवा बसला पाहिजे

१ फेब्रुवारी, रविवार

ताडकळसच्या अलीकडं गाडी परत बंद. मागच्या सीटवर चौरंग, तांब्याच्या दोन घागरी, समिधांचं पोतं. पुढं मी, मांडीवर प्रसादाचा डबा. चालवायला माझी लेक गौरी. ती उतरली, बॉनेट उघडून काहीतरी हलवलं, झाली चालू. सत्यनारायणाला पाऊण तास उशीर. यजमान म्हणाले, "म्हाराज, देवाला आता जरा बरी गाडी घ्या." देवाला! बसतो तर मी.

परभणीला घरी येऊन सांगितलं तर सौ. म्हणाली, "मी दोन वर्षं तेच सांगायलेय. यजमानानं सांगितलं की पटतं."

लोकांच्या किती गाड्या पूजल्या याची गणती नाही. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, एकदा तर हार्वेस्टर. स्वतःची कोरी एकही नाही. ही आहे ती पण एका मास्तरांची जुनी. या वेळी कोरी घ्यायची. ठरलं.

३ फेब्रु., मंगळ.

गौरीनं जुन्या पंचांगाच्या मागच्या पानावर चित्र काढून समजावलं. तिच्या मते दोनच गाड्या बघायच्या. खूण म्हणून लिहून ठेवतो:

नं. १ – पेट्रोलची, पण आत बॅटरी. चालता चालता आपली आपण चार्ज होते. प्लग लागत नाही.

नं. २ – घरी प्लग लावायची. साठेक किलोमीटर नुसत्या विजेवर, नंतर पेट्रोल.

गौरीचा जीव नं. २ वर. "बाबा, ताडकळस जाऊन येऊन विजेवर. चुडाव्याला जाताना वीज, येताना पेट्रोल. जिंतूरलाही तसंच."

"आणि लाईट गेली तर?"

"तर पेट्रोल हाय की!"

गिझरला असतो तसला पॉइंट अंगणात घ्यावा लागेल. छतावर सोलर आहेच. पोरीनं सगळा विचार करून ठेवलाय. मी फक्त मान हलवायची.

ही पोर सहा वर्षांपूर्वी माझी ड्रायव्हर म्हणून सोबत यायला लागली. गुडघ्यांमुळं माझी स्कूटर सुटली होती. मी आत पूजा सांगायचो, ही ओट्यावर बसून ऐकायची. मग आत येऊन बसायला लागली. मग एके दिवशी पुण्याहवाचनात माझी ओळ सुटली तर मागून हिनं उचलली. संस्कृतात एम. ए. झाली, पुण्यात वर्षभर पौरोहित्य शिकून आली. आता तिचा स्वर माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. हे तिला सांगितलेलं नाही. इथं लिहितो.

८ फेब्रु., रवि.

नांदेडला शोरूम. नं. १ बघायला.

काय झालं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. पुढं एका घरी जायचं होतं म्हणून मी धोतर-उपरण्यात, हातात पूजेची पिशवी. गौरी गाडी लावायला मागं गेली. मी दारात पाऊल टाकलं तोच मॅनेजर धावत आला, "या या गुरुजी, किती उशीर! लोक खोळंबलेत." आणि मला थेट एका पांढऱ्या गाडीसमोर नेऊन उभं केलं. हार तयार, नारळ तयार, चार लिंबं तयार. जिंतूरकडचं नऊ माणसांचं कुटुंब, म्हातारी आजी पुढच्या सीटवर आधीच बसलेली. त्यांचे गुरुजी कुठंतरी अडकलेले.

मी म्हणायला पाहिजे होतं की मी गिऱ्हाईक आहे. पण हार समोर दिसला की हात आपोआप चालतात. बॉनेटवर स्वस्तिक काढून मोकळा झालो तेव्हा गौरी आली. आरतीचं ताट माझ्या हातात.

"बाबा, आपण घ्यायला आलतो ना?"

"हो. एवढी आरती होऊ दे."

सगळं आटपेस्तोवर नं. १ दुसऱ्या कुणालातरी चालवून बघायला दिलेली. नुसती बाहेरून बघितली. मॅनेजरनं चहा पाजला आणि विचारलं, "पुढच्या रविवारी पण डिलिव्हरी आहेत, याल का?" गौरी परत येताना पूर्णेपर्यंत हसत होती.

११ फेब्रु., बुध.

चुडाव्याहून निवृत्तीरावांचा फोन. नवा बंगला बांधलाय. वास्तुशांत २६ ला धरली.

मी मनाचा हिय्या करून म्हणालो, "या वेळी गौरी सांगेल पूजा."

ते म्हणाले, "म्हाराज, ताई हुशार हाय, मला म्हाईत हाय. पण वास्तू हाय. लय मोठं काम हाय. न्हाई जमत तुमाला तर पूर्णेचा तुमचा पुतण्या धाडा."

"मी येतो सोबत."

"मग ठीक. तुमी समोर बसा, ताई बाजूला बसंल."

 आमची आठ गावं. आजोबांपासून यांची लग्नं, बारशी, वास्तू आम्ही सांगितल्या. माझे गुडघे फार तर दोन वर्षं. नंतर ही घरं गौरीकडं गेली तर गेली, नाहीतर पुतण्याकडं. तो मंत्र बरे म्हणतो, पण लक्ष सगळं घड्याळाकडं.

आणि निवृत्तीराव म्हणजे त्या भागातला मोठा माणूस. त्यांनी गौरीला मानलं की बाकीची सातही गावं मानतील. त्यांनी नाही म्हटलं तर मोठी गाडी घेऊन करायचं काय? म्हातारा-म्हातारीला बाजारात न्यायला छोटीशी पुरे.

सौ. ला बोललो. ती ओट्यावर शाळेच्या वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "ती मोठीच लागणार हाय. बघा तुमी."

१५ फेब्रु., रवि. महाशिवरात्र

पहाटेपासून अभिषेक. गौरीनं तीन ठिकाणी एकटीनं केले. तिन्ही शहरातले, ओळखीचे. गाडीचा विषय नाही. पाय सुजले.

१७ फेब्रु., मंगळ.

नं. २ संभाजीनगरलाच बघायला मिळते. शोरूमवाल्याचा फोन, आजच या, उद्या गाडी दुसऱ्या गावाला जाणार.

आज अमावस्या. म्हणालो, नाही.

सौ. – "विकत घ्यायची न्हाई, नुसती बघायची हाय!"

मी – "बघून आवडली तर?"

यावर तिनं कपाळावर हात मारला. म्हणाली, "लोकाला दोन मिनिटांत मुहूर्त काढून देता. स्वतःची येळ आली की रिक्ता, भद्रा, अमावस्या, सगळं आठवतंय. लोका सांगे ब्रह्मज्ञान!" पुढचं बोलली नाही, पण ऐकू आलं.

खरं तर अमावस्येचं निमित्त. २६ च्या आत गाडी पसंत करायला मन धजत नाही. हे तिला कळलंय. गौरीला कळलं असेल तर ती बोलली नाही. तिनंच शोरूमला फोन करून रविवारपर्यंत गाडी थांबवून घेतली. कसं काय, विचारलं नाही.

२२ फेब्रु., रवि.

संभाजीनगर. तिघंही गेलो. या वेळी मी पँट-शर्टात. पिशवी घरी.

गौरी येताना वास्तूचा पाट चादरीत गुंडाळून घेऊन आली. एक्याऐंशी घरांचं मंडल ज्यावर मांडतो तो. सागवानी, माझ्या वडिलांनी करून घेतलेला. त्यांच्या वेळी बैलगाडीत आडवा जायचा. आमच्या गाडीत सहा वर्षं सीटांच्या मधे तिरपा उभा जातोय, कडा झिजल्या. गौरी सेल्समनला म्हणाली, "आधी डिकी उघडा. हा आडवा बसला पाहिजे." तो बिचारा पाटाकडं बघतोय, माझ्याकडं बघतोय. मायलेज विचारणारे रोज येत असतील, पाट घेऊन येणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.

बसला आडवा. चारी बाजूंनी दोन-दोन बोटं जागा राहिली. मी नकळत हात जोडले.

पण खालची बॅटरी डिकीत वर आलेली, त्यामुळं खोली कमी. होमकुंड उभं ठेवलं तर झाकण लागत नाही. आणि स्टेपनी नाही! पंक्चर काढायचा एक डबा दिलाय. चुडाव्याच्या रस्त्याला डबा घेऊन काय करू? गौरी म्हणाली, "कुंड आडवं ठेवू. स्टेपनीचं बघू."

चालवली तिनंच. गाडीचा आवाजच नाही. सौ. मागं बसलेली, म्हणाली, "चालू झाली का न्हाई अजून?" तेव्हा आम्ही चौक ओलांडला होता.

पोरगी स्टिअरिंगवर ताठ बसलेली, शेजारी सेल्समन तिला बटणं सांगतोय आणि ती त्याला उलटे प्रश्न विचारतेय, बॅटरीची वॉरंटी, उन्हाळ्यात चव्वेचाळीस डिग्रीला काय होतं, चार्जर घरी बसवायला कोण येतं. तो दोनदा म्हणाला, "मॅडम, विचारून सांगतो." अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या.

येताना वाटेत नं. १ पण नीट बघितली, दुसऱ्या एका शोरूमात. डिकी खोल, स्टेपनी आहे, आठ दिवसांत मिळते. पाट मात्र तिरपाच. नं. २ ला तीन महिने थांबा.

म्हणजे प्रत्येकीत काहीतरी कमी. स्थळं बघताना असतं तसंच.

२६ फेब्रु., गुरु.

चुडावा. वास्तुशांत. सविस्तर लिहितो.

जाताना गौरी मनातल्या मनात मंत्र घोळवत होती. पूर्णा ओलांडल्यावर मीच म्हणालो, "आज मी समोर बसणार नाही."

"बाबा, त्यांना कबूल केलंय तुमी."

"सोबत येतो म्हणालो होतो. आलोय."

पोचल्यावर मी पाहुण्यांच्या खुर्च्यांत जाऊन बसलो. निवृत्तीराव आले, "म्हाराज, तिकडं कुठं बसलाव?" म्हणालो, आज मी पाहुणा. त्यांचा चेहरा उतरला. पण मांडव भरलेला, मुहूर्त आलेला. बसले पाटावर.

गौरीनं मंडल मांडलं. प्रत्येक घर कुणाचं ते बोलीभाषेत सांगत होती. आधी दारात उभ्या असलेल्या बाया हळूहळू पुढं सरकल्या. एका म्हातारीनं मधेच विचारलं, "माय, हे मधलं कोणाचं?" गौरीनं थांबून तिला सांगितलं. मला चाळीस वर्षांत कुणी असं विचारलं नाही. मी सांगितलं असतं का, देव जाणे.

मग वास्तुपुरुष पुरायची वेळ. आग्नेयेला फरशीत जागा सोडून ठेवा म्हणून मी फोनवर सांगितलं होतं. मिस्त्रीनं सोडली होती, पण नैर्ऋत्येला. गौरीनं बघितलं आणि सरळ म्हणाली, "काका, कोपरा चुकलाय. हा बुजवा. तिकडची फरशी काढावी लागेल."

नवी कोरी पांढरी फरशी! सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. निवृत्तीरावांची सुद्धा. मी असतो तर, खरं लिहितो, गंगाजल शिंपडून, एखादा मंत्र जास्तीचा म्हणून निभावून नेलं असतं. मोठा माणूस, कशाला दुखवा. मी छताकडं बघत राहिलो. 

निवृत्तीराव म्हणाले, "न्हाई केलं तर?"

गौरी म्हणाली, "घर तुमचं आहे. पण मग वास्तुशांत झाली असं मी म्हणणार नाही."

 मग त्यांनी मिस्त्रीला हाक मारली. छिन्नीचा आवाज पुढचा अर्धा तास. एक फरशी फुटली, दुसरीला तडा गेला. गौरी शांत बसून जप करत होती. मी तेवढ्यात दोनदा पाणी प्यालो.

शेवटी निवृत्तीरावांनी दक्षिणा आणि नारळ पाटाशी ठेवला. पाया पडले, पण बोलले नाहीत. तिच्याशी नाही, माझ्याशीही नाही. जेवताना वाढायला दुसरेच. निघताना घरातून फक्त बाया दारापर्यंत आल्या.

गाडीत गौरी म्हणाली, "बाबा, गेलं ना घर हातातनं?"

म्हणालो, "गेलं तर गेलं. काम बरोबर झालं." यातलं पहिलं वाक्य मी मनापासून बोललो नाही. दुसरं बोललो. तिचा स्वर स्वच्छ आहे, हेही आज सांगून टाकलं.  तिनं गाडी जरा जोरात हाणली.

२८ फेब्रु., शनि.

चुडाव्याहून फोन नाही. पुतण्याचा आला, "काका, चुडाव्याला फरशी फोडली म्हणे?" बातमी पूर्णेपर्यंत गेली तर.

सौ. म्हणाली, "फोडलीच. आमच्या पोरीनं फोडली." असं म्हणाली जसं काही कुठलं बक्षीस मिळालंय. तिच्यामुळं माझी पण मान जरा वर झाली.

१ मार्च, रवि.

सकाळी सेल्समन घरी आला, संभाजीनगरचाच, परभणीत दुसऱ्या कुणाकडं आला होता. फॉर्म काढला. नाव? म्हणालो, गौरीचं. व्यवसाय? त्याच्या मोबाईलमध्ये नोकरी, शेती, व्यापार, गृहिणी, इतर. तो 'गृहिणी'वर बोट ठेवायला लागला. मी हात धरला. "इतर करा. आणि पुढं लिहा, पौरोहित्य." गौरी आतून चहा आणत होती, दारातच थांबली. मॉडेलचा रकाना आला तेव्हा म्हणालो, गाडी पक्की झाली की सांगतो.

तो गेल्यावर दहाच मिनिटांत निवृत्तीरावांचा फोन.  मी आधीच सुरुवात केली, "राव, त्या फरशीचं–"

"फरशीचं सोडा हो. बसवली नवी. म्हाराज, पुढच्या महिन्यात ट्रॅक्टर आणायलाव. धाकट्याचा साखरपुडा बी हाय. दोन्हीला ताईला धाडा."

"हो, येतो आम्ही."

"तुमी गुडघे सांभाळा. तुमी न्हाई आलाव तरी चालतंय."

जन्मात पहिल्यांदा कोणी मला येऊ नका म्हणालं. फोन ठेवला आणि डोळे भरून आले, आनंदानं. थोडं दुसरंही काही असेल. सौ. घाबरली, काय म्हणाले विचारायला लागली. सांगितलं तर तीही पदर डोळ्याला लावून बसली, आणि वर म्हणते, "मी म्हणलं नव्हतं?"

आता ट्रॅक्टर पुढच्या महिन्यात. नं. १ आठ दिवसांत दारात येते. नं. २ ला तीन महिने. जुनी तोवर टिकते का, ते तिचं तिलाच माहीत.

गौरी दोन्ही गाड्यांचे कागद घेऊन अंगणात बसली आहे. मघाशी विचारलं, "बाबा, कोणती?"

म्हणालो, "गावाला जाणार तू. चालवणार तू. मला काय विचारतेस?"

अजून आत आलेली नाही.